एका मिनिटाला पंधरा

वहीच्या पहिल्या पानावर सूचना छापलेली आहे: ‘विद्यार्थ्याने घरातील एका प्रौढ व्यक्तीची विश्रांतीतील नाडी व श्वसन सलग तीस दिवस मोजून नोंदवावे. व्यक्ती बदलू नये.’ खाली वय आणि नातं लिहायला दोन रेघा आहेत. मी लिहिलं होतं: सदुसष्ट, आई.

तेवीस दिवसांच्या नोंदी झाल्या. चोविसाव्या दिवशी सकाळी आई गेली.

दहा दिवसांनी मी वर्गात परतले तेव्हा वहीत तीसच्या तीस नोंदी होत्या. शेवटच्या सात मी घरी बसून लिहिल्या होत्या. नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास पंधरा. नाडी शहात्तर, श्वास पंधरा. तिच्या खुर्चीवर तिची शाल तशीच पडलेली होती आणि मी टेबलाशी बसून तिला आणखी एक आठवडा जगवत होते. लाज वाटली नाही. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. एवढंच डोक्यात होतं की शुक्रवारी वही जमा करायची आहे, सोमवारी परीक्षा आहे, आणि मॅडमची सही असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.

ही माझी दुसरी वेळ होती. तिसरी नसते.

वीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं. छापखाना बंद झाला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, आणि चुकीचं अक्षर शोधण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. रुग्णालयात सहायक होण्यासाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्यातला पहिला विषय शरीररचना आणि शरीरक्रिया. तो सुटल्याशिवाय वॉर्डात पाऊल ठेवता येत नाही. मी अर्ज केला. हाडांची नावं पाठ करणं मला जड गेलं नाही, नावं मी आयुष्यभर वाचत आले होते. मी अडकले ती प्रात्यक्षिकात.

पहिल्या वर्षी परीक्षकांनी खाटेवर एका अनोळखी माणसाला झोपवलं आणि नाडी मोजायला सांगितली. मी सांगितलं, अठ्ठ्याण्णव. परीक्षकांनी स्वतः मोजली, बहात्तर. त्यांनी माझा हात पुन्हा त्या मनगटावर ठेवायला लावला आणि माझ्या बोटांकडे पाहिलं.

“बाई, तुम्ही अंगठा लावलाय. अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. तुम्ही घाबरलेल्या आहात, हे कळलं. याची नाडी सांगा.”

खाटेवरचा माणूससुद्धा हसला. त्या दिवसापासून वर्गात माझं नाव ‘अंगठेबहाद्दर’ पडलं. ते ठेवलं ड्रायव्हरकाकांनी. पन्नाशीचा गडी, रुग्णवाहिका चालवतो, गाडीत मागेही बसता यावं म्हणून हे शिकतोय, माझ्यासारखाच दुसऱ्यांदा. “वीस वर्षं लोकांच्या चुका काढल्यात ना ताई? मग आम्ही तुमची एक काढली,” म्हणाले होते. त्यांच्यावर रागावता येत नाही.

मंगळवारी मी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडम तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होत्या. आता शिकवतात, पण बोलतात अजून तशाच, उभ्याने आणि मोजकं. आई गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. रजेच्या अर्जात मी ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. ड्रायव्हरकाकांना ठाऊक होतं, पण त्यांना मी शपथ घातली होती.

मॅडमनी पानं उलटली. नाडीच्या रकान्यावरून त्यांचं बोट सरसर खाली गेलं. श्वासाच्या रकान्यावर ते थांबलं, वर गेलं, परत खाली आलं.

“दहाव्या दिवसापासून रोज पंधरा?”

“हो.”

“ही बाई आहे की घड्याळ?”

त्यांनी पहिल्या नऊ ओळींवर बोट ठेवलं.

“सतरा, सोळा, अठरा, हे कळतं. माणूस असाच श्वास घेतो. एकवीस दिवस पंधरा, पंधरा, पंधरा? हे घरी बसून लिहिलेलं आहे. नाडी मोजलीस, ती दिसतेय. श्वास मोजायचा कंटाळा केलास.” त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. “मी यावर सही करणार नाही. शुक्रवारपर्यंत काय ते सांग मला.”

ड्रायव्हरकाका मागच्या बाकावरून माझ्याकडे बघत होते. मी मानेनंच नको म्हटलं. त्यांनी तोंड मिटलं.

घरी येताना बसमध्ये मी मनातल्या मनात हिशोब जुळवत होते. मॅडमना जी नाडी खरी वाटली, ती खोटी होती. चौदा दिवस मी ती बदलत होते. आणि ज्या पंधरांना त्या खोटं म्हणाल्या ते, शेवटचे सात सोडले तर, मी मोजलेले होते. मनगटावर बोटं ठेवून, आईच्या छातीकडे बघत, एक मिनिट पूर्ण. त्यातला एकही मी बदलला नव्हता. मग पंधरा कुठून आले?

इथे नाडीचं सांगायला हवं.

रोज संध्याकाळी साडेसहाला आई खुर्चीत बसायची आणि मी तिच्यासमोर स्टुलावर. आई गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करायची, निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. अजूनही बोलता बोलता टाके मोजायची, आणि गप्पांत आकडा चुकायचा नाही. शाळा सातवीपर्यंत. पण माझं पाठ्यपुस्तक तिनंच जास्त वाचलं. मोजून झालं की पुस्तक तिच्या मांडीवर, चष्मा कपाळावर, आणि ती खोलीभर चष्मा शोधायची.

“कपाळावर आहे,” मी म्हणायची.

“काखेत कळसा,” ती म्हणायची, “आणि गावाला वळसा. बरं, डॉक्टरीणबाई, हृदयाला खोल्या किती?”

“चार.”

“नावं?”

“वरती दोन अलिंद, खाली दोन निलय.”

“चार खोल्या आणि भाडेकरू एकटं रक्त. तेही घरात टिकत नाही. उजवीकडून आत, मग फुफ्फुसात चक्कर, मग डावीकडून बाहेर. गळ्याच्या पट्टीसारखं आहे गं. उलटून शिवायची, मग सुलटी करायची. तुला काय अवघड जातं यात?”

मला खरंच अवघड जायचं. पट्टीवरून सांगितल्यावर कळलं. रक्त शरीरात कसं फिरतं ते मला आईनं शिकवलं.

श्वास मोजायची एक पद्धत असते. माणसाला सांगायचं नाही. सांगितलं की तो श्वासाकडे लक्ष देतो आणि आकडा बिघडतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच ठेवायची, आणि डोळे छातीकडे न्यायचे. माणसाला वाटतं, अजून नाडीच चाललीय. हे पुस्तकात ठळक अक्षरात आहे, आणि पुस्तक आईच्या मांडीवर होतं.

“मनगट धरायचं आणि मोजायची छाती!” ती चौथ्या दिवशी म्हणाली. “चोरच की गं तुम्ही.”

“तू वाचायला नको होतंस ते.”

“मला काही कळत नाही हं. मी आपली खिडकीबाहेर बघते. तू मोज.”

नवव्या दिवशी श्वास एकवीस आले आणि मी ते मोठ्यानं बोलून गेले. ती चूक माझी.

“एकवीस म्हणजे जास्त का?”

“पुस्तकात बारा ते वीस आहे.”

“मग मार्क जातील तुझे?”

“तुझे श्वास आहेत, माझे मार्क कशाला जातील?”

“मागच्या वेळी गेले होते ना?”

आकडा पुस्तकात बसला नाही की मोजणाऱ्याची चूक, हे मला चांगलंच शिकवलं होतं. त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीनं तिच्या बाबांची नाडी शहाण्णव लिहिली होती. मॅडमनी तिच्या वहीत लाल शाईनं मोठं प्रश्नचिन्ह काढलं. ‘पुन्हा मोजा.’

दहाव्या दिवसापासून आईची नाडी वाढायला लागली. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. नव्वद. शहाण्णव. मी बोटं तपासायची. अंगठा नव्हता. तरी वाटायचं, कुठून तरी माझीच लागते आहे. परीक्षा जवळ येत होती, माझी छाती चोवीस तास धडधडत असायची. मी पुन्हा मोजायची, पुन्हा शंभराच्या आसपास. मी आईकडे बघायची, ती शांत. समोर बघत, संथ श्वास घेत. इतक्या शांत बाईची नाडी शंभर कशी असेल?

“आत्ताच जिना चढून आले ना,” ती म्हणायची. “लिही ऐंशी. मी सांगते ना, लिही.”

मी खरा आकडा कच्च्या कागदावर लिहायची. माझ्याकडे छापखान्यातल्या जुन्या मुद्रितांचे गठ्ठे आहेत, पाठकोरे. तिथे शहाण्णव, आणि वहीत ऐंशी. तिथे एकशे दोन, आणि वहीत अठ्ठ्याहत्तर. वीस वर्षं मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी एकच सांगितलं होतं. शब्द खटकला तर सुधारा. आकड्याला हात लावू नका. आकडा खटकला तर समासात प्रश्नचिन्ह करा आणि लेखकाला विचारा. माझा लेखक समोर बसला होता. मी विचारलंही. त्यानं सांगितलं, लिही ऐंशी.

विसाव्या दिवशी मॅडमनी सूज शिकवली. घोट्याजवळ बोट दाबायचं, खड्डा पडला आणि भरून यायला वेळ लागला तर पाणी साठलंय. त्या संध्याकाळी मी आईच्या पायांकडे पाहिलं. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उठला होता.

“दाखव पाय.”

“मोजे घट्ट आहेत गं. दुकानदारानं लहान मापाचे दिले.” तिनं शाल पायांवर ओढून घेतली. “आधी तुझं मोजून घे, साडेसहा होऊन गेले.”

मी मोजून घेतलं. एकशे सहा. पंधरा.

आडवं झालं की खोकला येतो म्हणून शेवटचा आठवडा ती खुर्चीतच झोपली. मी तिला दोन उशा दिल्या. हृदय थकलं की माणसाला आडवं झोपवत नाही, हे आमच्या पुस्तकात अकराव्या प्रकरणात आहे. मी सातव्यात होते.

चोविसाव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर तिची मान एका बाजूला होती. मी फोन केला आणि ड्रायव्हरकाकांचीच गाडी आली. त्यांनी मनगट पाहिलं, मग गळा. सोबतच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. ड्रायव्हरकाकांनी खिशातून पेन काढलं, कागद सापडेना म्हणून तळहातावर वेळ लिहिली. सात दहा. मला म्हणाले, “ताई, तुम्ही खाली बसा आधी.”

दुपारपर्यंत दादा आला. चार तासांवरच्या गावी राहतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, रडणं त्याला जमत नाही. तो आईच्या खुर्चीजवळ उभा राहिला आणि म्हणाला, “तू तर हेच शिकत होतीस ना गं? रोज मोजत होतीस ना? तुला कळलं नाही?”

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी चहाची भांडी उचलून आत नेली.

तर त्या मंगळवारी, वही परत घेऊन घरी आल्यावर, मी दिवा न लावता आईच्या खुर्चीत बसले. ती गेल्यापासून तिथे बसले नव्हते. ‘ही बाई आहे की घड्याळ?’ डोक्यात तेच चाललं होतं. समोर बघितलं. समोरच्या भिंतीवर, माझ्या रिकाम्या स्टुलाच्या बरोबर वर, घड्याळ होतं. त्याचा लाल सेकंदकाटा टकटक पुढे जात होता.

आधी खुर्ची तिथे नव्हती, खिडकीपाशी असायची. दहाव्या दिवशी आई म्हणाली, खिडकीतून वारा लागतो, खुर्ची या भिंतीला लाव. मीच ढकलली. माझी पाठ घड्याळाकडे झाली. मी मनगटी घड्याळ वापरते, मला फरक पडला नाही.

मी काट्याकडे बघत श्वास घेऊन पाहिला. दोन सेकंद आत, दोन सेकंद बाहेर. चार सेकंदांना एक. मिनिटाला पंधरा.

पहिलं मिनिट सोपं गेलं. मग मी उठून जिना उतरले, तीन वेळा पळत चढले, छाती फाटेस्तोवर. तशीच येऊन खुर्चीत बसले आणि पुन्हा चार सेकंदांना एक घेऊन पाहिला. तिसऱ्या श्वासाला डोळ्यांसमोर अंधारी आली. पाचव्याला तोंड आपोआप उघडलं. मला एक मिनिटही जमलं नाही, आणि माझं हृदय चांगलं आहे.

तिनं ते चौदा संध्याकाळी केलं होतं. वर चेहरा शांत ठेवून. मोजून झालं की मी वही भरायला टेबलाकडे वळायची, आणि ती म्हणायची, “जरा पाणी आण गं, गार.” मी आत जायची. पाणी घेऊन यायला मला दोन मिनिटं लागायची. तेवढ्यात ती काय करत असेल ते आता मला दिसत होतं.

तिनं श्वास बदलला, मी नाडी बदलली. दोघींनी आपापला रकाना सांभाळला.

बुधवारी मी वर्गाला गेले नाही. वहीतलं पान फाडून नवं लिहावं, असं वाटलं. पंधरांच्या जागी सोळा, चौदा, सतरा लिहिले असते तर मॅडमनी सही केली असती. मला ते उत्तम जमलं असतं. खरा वाटेल असा मजकूर कसा दिसतो हे मला माहीत आहे. मी कोरा कागद पुढ्यात घेतला आणि नऊ आकडे लिहिलेही. मग थांबले. आकडे छान होते. ही बाई निरोगी होती, असं कुणालाही वाटलं असतं. ती कशानं गेली, हे आता फक्त पाठकोऱ्या कागदांवर उरलं होतं. तेही मी रद्दीत घातले की संपलं.

गुरुवारी मी कच्चे कागद काढले आणि वही दुरुस्त केली. खोट्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी खरा आकडा, आणि सही. वॉर्डातही असंच करतात, खोडरबर चालत नाही. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. नव्वद. शहाण्णव. शहाण्णव. एकशे दोन. तेविसाव्या दिवशी एकशे बारा. श्वासाच्या रकान्यात चौदा पंधरांभोवती कंस केला आणि लिहिलं: ‘व्यक्तीला मोजणी ठाऊक होती. आकडा विश्वसनीय नाही.’ खरे श्वास किती होते ते कुठल्याच कागदावर नाही. ते मला कधीच कळणार नाही. शेवटच्या सात ओळींवर मोठी फुली मारली.

शुक्रवारी सकाळी मॅडमच्या खोलीत त्या आणि कोपऱ्यातला सांगाडा, दोघेही उभे होते. मी वही दिली.

“हे काय?”

“आधी लिहिलेली नाडी खोटी होती. कच्च्या कागदावरचे खरे आकडे घातलेत.”

त्यांचं बोट खाली सरकू लागलं, सावकाश. पंधराव्या दिवशी थांबलं.

“इथे,” त्या म्हणाल्या. “एकशे दोन. इथे मी डॉक्टरांना बोलावलं असतं.” मग माझ्याकडे पाहिलं. “कशी आहे आई?”

“गेली. चोविसाव्या दिवशी.”

त्या खाली बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

“श्वास?”

“समोर घड्याळ होतं. ती काटा बघून घ्यायची. मला मार्क कमी पडू नयेत म्हणून.”

त्यांनी पंधरांच्या कंसावर बोट टेकवलं. “मला वाटलं, तू कंटाळा केलास,” म्हणाल्या.

“नाडी मी बदलली. मला वाटलं, माझीच लागतेय.”

“त्या मुलीच्या वहीत मी प्रश्नचिन्ह काढलं होतं. शहाण्णववर.”

त्यांनी ते स्वतःलाच सांगितलं होतं.

“वही अपुरी आहे,” मी म्हणाले. “तीस दिवस होत नाहीत. मला माहीत आहे. मी फक्त हे द्यायला आले.”

“अपुरी कशानं?” त्यांचा आवाज पुन्हा वॉर्डातला झाला. “वॉर्डात माणूस गेला तर त्याचा तक्ता आपण अपुरा म्हणतो का? वेळ लिहायची, खाली रेघ मारायची, सही करायची. तक्ता पूर्ण झाला. वेळ ठाऊक आहे?”

“सात दहा.”

“लिही.”

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. मी उचललं आणि वहीवर धरलं. फुलीच्या वर, तेवीस आणि चोवीसच्या मधे, बोटभर जागा होती. माझा हात पुढे जाईना. वाटलं, त्या पेन घेतील आणि स्वतः लिहितील. त्यांनी घेतलं नाही. खिडकीकडे बघत थांबल्या. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक करकरत होतं. ते लांब जाईपर्यंत मी तशीच होते.

मग लिहिलं. ‘चोविसावा दिवस. सकाळी ७.१०. मृत्यू.’ खाली पट्टीनं रेघ मारली. सही केली.

“वहीचे वीस गुण मी देऊ शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “आकडे बदललेले आहेत, तसं मला लिहावं लागेल. उरलेल्या ऐंशीत पन्नास मिळवावे लागतील. बसणार आहेस?”

“बसेन.”

त्यांनी माझ्या सहीखाली सही केली आणि वही स्वतःच्या कपाटात ठेवली.

बाहेर ड्रायव्हरकाका जिन्यावर बसले होते. “झालं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “अंगठा कुठं लागला नाही ना?” ते म्हणाले, आणि लगेच त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. “माफ करा ताई. मला दुसरं काही सुचत नाही.”

“चालेल,” मी म्हटलं.

संध्याकाळी मी दादाला फोन केला. साडेसहा वाजले होते.

“तू विचारलं होतंस, कळलं नाही का,” मी म्हणाले. “सांगते. मधे बोलू नकोस.” आणि मी त्याला दहाव्या दिवसापासूनचे आकडे वाचून दाखवले. खरा आणि शेजारी खोटा, दोन्ही. खुर्चीचं सांगितलं. घड्याळाचं सांगितलं. गार पाण्याचंही.

“म्हणजे वाचली असती?” त्यानं विचारलं.

“कदाचित. माहीत नाही.”

मला वाटलं, आता फोन ठेवेल, आणि मग वर्ष-दोन वर्षं करणार नाही. तसं झालं असतं तरी मी काय म्हणणार होते?

“मी रविवारी फोन करायचो ना,” तो शेवटी म्हणाला. “ती तुटक तुटक बोलायची. अर्धं वाक्य, मग थांबायची, मग अर्धं. मला वाटायचं, रेंज नाही. मी म्हणायचो, आई, खिडकीपाशी जा. आणि ती जायची गं. उठून जायची.”

पुढे त्याला बोलता येईना. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता, भरभर, मधेच अडकणारा. मी टेबलावरचा पाठकोरा कागद ओढला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मोजायला लागले. त्याला सांगितलं नाही. पूर्ण मिनिट मोजलं. अठ्ठावीस. कागदावर तेवढंच लिहिलं, अठ्ठावीस.